सौरऊर्जा आणि सरकारी संस्था : गच्चीपासून कफ परेडपर्यंतचे नेहमीचे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पॅनेल बसले तेव्हापासून मी खजिनदार कमी आणि चौकशी खिडकी जास्त झालो आहे. शेजारच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी येतात, लग्नात भेटलेले नातेवाईक कोपऱ्यात घेऊन विचारतात. नोकरीची एकतीस वर्षं बँकेच्या कर्जविभागात गेली, त्यामुळे माझी उत्तरं पैशाच्या बाजूने झुकलेली असतात. तेवढं सांभाळून घ्या.

सूर्य फुकट आहे. मग यात सरकारी संस्थांचं काम काय?

ऊन फुकट, पण पॅनेल, जमीन, तारा आणि इन्व्हर्टर यांचे पैसे पहिल्याच दिवशी मोजावे लागतात. कोळशाच्या वीजकेंद्रात निम्म्याहून जास्त खर्च पुढे वर्षानुवर्षं कोळशावर होत राहतो. सौर प्रकल्पात इंधनच नाही, त्यामुळे जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीला आणि वसुली पंचवीस वर्षांत. अशा धंद्यात विजेचा दर ठरतो तो कर्जाच्या व्याजावर.

हिशेबासाठी धरून चाला : राजस्थानातला एक मेगावॅटचा प्रकल्प, त्यावर तीन कोटींचं कर्ज, वर्षाला साधारण वीस लाख युनिट वीज. व्याज दोन टक्क्यांनी वाढलं तर पहिल्या वर्षी सहा लाख रुपये जास्त जातात, म्हणजे युनिटमागे तीस पैसे. ऊन तेच, पॅनेल तेच. फरक एवढाच की कर्ज देणाऱ्याला परतफेडीची धास्ती वाटली.

आणि ती धास्ती वाटू नये यासाठी लागते हमी. वीज पंचवीस वर्षं कोण घेणार, पैसे कोण देणार, नाही दिले तर कोणाच्या खिशातून काढायचे? आमच्याकडे कर्जाची फाइल आली की तांत्रिक अहवाल शेवटी वाचायचा आणि आधी जामीनदार बघायचा, अशी पद्धत होती. देशाच्या सौरऊर्जेत जामीनदाराची जागा सरकारी संस्थांनी घेतली. बाकीची त्यांची कामं त्यानंतर येतात.

दर खरंच किती उतरले?

२०१०-११ साठी केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेचा दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे ठरवला होता. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर मिशन जानेवारी २०१० मध्ये सुरू झालं आणि त्याच्या पहिल्या लिलावात १० रुपये ९५ पैशांपासून बोली आल्या. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भाडला सौर पार्कसाठी २ रुपये ४४ पैसे, आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे.

यातलं सगळं श्रेय सरकारला देऊ नका. पॅनेलच्या किमती जगभर कोसळल्या त्या मुख्यतः चीनच्या प्रचंड उत्पादनामुळे. पण पॅनेल स्वस्त झाले म्हणजे आपोआप वीज स्वस्त होत नाही. त्याच पॅनेलवर ज्या देशात कर्ज महाग आहे, तिथली वीज आजही महाग आहे.

सुरुवातीला इतकी महाग वीज विकत कोणी घेतली?

हा किस्सा मला फार आवडतो. महावितरणसारख्या राज्यांच्या वितरण कंपन्या अकरा-बारा रुपयांची वीज घेणार नव्हत्याच. तेव्हा एनटीपीसी या केंद्राच्या वीजनिर्मिती कंपनीच्या विद्युत व्यापार निगम या उपकंपनीला मध्ये घातलं. केंद्राच्या वाट्याची, कोणालाही न दिलेली कोळशाची स्वस्त वीज तिच्या हाती दिली. तिने महाग सौर वीज आणि स्वस्त कोळशाची वीज एकत्र केली आणि सरासरी दराने राज्यांना विकली. बासमतीत रेशनचा तांदूळ मिसळून खिचडीचा भाव परवडेल असा करावा, तसं.

म्हणजे भारतातल्या सौरऊर्जेचं बाळसं कोळशाच्या जिवावर चढलं. पर्यावरणवाल्यांना हे ऐकायला आवडत नाही आणि कोळसावाल्यांनाही नाही.

सेकी, इरेडा, महाऊर्जा... ही नावं ऐकतो. कोण काय करतं?

थोडक्यात सांगतो. धोरण दिल्लीतलं नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय ठरवतं. इरेडा १९८७ पासून अशा प्रकल्पांना कर्ज देते, त्या काळी बँका सौरऊर्जेच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नव्हत्या. महाऊर्जा ही महाराष्ट्राची संस्था, १९८५ ची, मुख्यालय पुण्यात. आणि सेकी, म्हणजे भारतीय सौर ऊर्जा महामंडळ, स्थापना २०११.

सेकीबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण तिचं काम बाहेरून दलालीसारखं दिसतं. ती लिलाव करते, कमीत कमी दर सांगणाऱ्याकडून पंचवीस वर्षांचा वीजखरेदी करार करते, तीच वीज राज्यांच्या वितरण कंपन्यांना विकते आणि मध्ये युनिटला काही पैसे ठेवते. ससून डॉकवर पहाटे पापलेटचा लिलाव पाहिला असेल तर तिथे बोली चढत जाते. इथे ती उतरत जाते, आणि शेवटचा गप्प बसला की हातोडा पडतो.

पण ती मध्ये उभी आहे म्हणून प्रकल्पवाल्याला राज्याच्या वितरण कंपनीच्या थकबाकीची थेट भीती राहत नाही. राज्याने पैसे थकवले तर केंद्र, राज्य आणि रिझर्व्ह बँक यांच्यातल्या त्रिपक्षीय करारानुसार राज्याच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून ते वळते करण्याची तरतूद आहे. जैसलमेरच्या वाळवंटातल्या पॅनेलचं एक टोक असं फोर्टमध्ये, शहीद भगतसिंग मार्गावरच्या रिझर्व्ह बँकेत येऊन पोहोचतं.

संस्थेने शब्द फिरवला तर काय होतं?

आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये ते करून पाहिलं. नव्या सरकारने आधीच सही झालेल्या पवन आणि सौर करारांचे दर पुन्हा ठरवायला घेतले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०२२ मध्ये निकाल प्रकल्पवाल्यांच्या बाजूने लागला. पण मधल्या काळात पैसे अडकले, आणि कर्ज देणाऱ्यांच्या मनात खूण राहिली ती राहिलीच. एकदा चेक वटला नाही की पुढच्या वेळी तारण दुप्पट मागतात, एवढाच त्यामागचा नियम.

मुंबईत अर्ज कोणाकडे करायचा?

वीजबिलाच्या माथ्यावर ज्याचं नाव असेल त्याच्याकडे. कुलाब्यापासून माहीम आणि सायनपर्यंत बेस्ट. उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी किंवा टाटा पॉवर. भांडुप-मुलुंडच्या पट्ट्यात महावितरण. एका शहरात चार वितरक. यातली बेस्ट १९४७ पासून महापालिकेच्या मालकीची आहे, महावितरण राज्य सरकारची, उरलेल्या दोन खासगी. नियम मात्र चौघांना सारखे, कारण ते ठरवतो महाराष्ट्र वीज नियामक आयोग.

हा आयोग कुठे असतो आणि तो आपलं ऐकतो का?

कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये. १९९९ साली स्थापन झाला. विजेचा दर, छतावरच्या सौरऊर्जेचे नियम, वितरण कंपनीने किमान किती वीज अपारंपरिक स्रोतांतून घ्यायचीच याचं बंधन, हे सगळं तिथून येतं. हे शेवटचं बंधन नसतं तर सुरुवातीच्या काळात एकाही वितरण कंपनीने आपणहून सौर वीज घेतली नसती, असं माझं मत आहे.

ऐकतो का? दरवाढीच्या प्रस्तावावर जाहीर हरकती मागवतात, सुनावणी होते आणि कोणीही ग्राहक लेखी म्हणणं देऊ शकतो. अडचण अशी की प्रस्ताव शेकडो पानांचा असतो. उद्योगांकडे तो वाचणारे पगारी सल्लागार असतात. घरगुती ग्राहकांच्या बाजूने ग्राहक संघटनांचे मोजके कार्यकर्ते आणि चिकाटीचे पेन्शनर. माझ्यासारख्याने निदान एकदा तरी बोलावं म्हणून मी हरकत पाठवली होती. आदेशात हरकतींच्या यादीत ती एका ओळीत होती. एक ओळ का होईना, नोंद झाली.

नेट मीटरिंगचा हिशेब समजावून सांगा.

दिवसा पॅनेलने केलेली वीज आधी तुम्ही वापरता, उरलेली तारेतून बाहेर जाते. रात्री तुम्ही तारेतून घेता. मीटर दोन्ही मोजतो आणि बिल येतं ते फरकाचं. महिन्याला जास्तीची वीज उरली तर ती पुढच्या महिन्यात जमा धरतात. हे खातं दरवर्षी ३१ मार्चला बंद होतं. वर्षअखेर जे युनिट शिल्लक राहतात ते आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेतले जातात, आणि तो दर तुमच्या बिलातल्या दरापेक्षा बराच कमी असतो.

म्हणून गच्चीवर जागा आहे म्हणून पॅनेल ठासून भरू नका. वर्षाची गरज मोजा.

यात मुंबईच्या सोसायट्यांना एक गोष्ट नकळत सोयीची झाली आहे. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे यांचा वापर बारा महिने जवळजवळ सारखा असतो. एप्रिल-मेमध्ये पॅनेल भरपूर वीज देतात, जुलैत ती जवळपास निम्म्यावर येते. हिशेबाचं वर्ष एप्रिलला सुरू होत असल्याने उन्हाळ्याची शिल्लक पावसाळ्यात खर्ची पडते. पावसाळ्यासाठी कडधान्यं भरून ठेवावीत तसं. वर्ष जुलैत सुरू झालं असतं तर हीच शिल्लक जूनअखेर कवडीमोलाने गेली असती.

सरकारी अनुदान किती मिळतं?

पंतप्रधान सूर्यघर योजना १३ फेब्रुवारी २०२४ ला जाहीर झाली. एक कोटी घरं, ७५,०२१ कोटींची तरतूद. स्वतंत्र घराला पहिल्या दोन किलोवॅटसाठी किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००.

मुंबईत स्वतःचं छत किती जणांचं? आपल्या कामाचा आकडा वेगळा आहे : गृहनिर्माण सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये. वीस किलोवॅट बसवले तर ३ लाख ६० हजार. वीस किलोवॅटला सावली नसलेली साधारण दोन हजार चौरस फूट जागा लागते. टाकी, लिफ्टची खोली, मोबाइल टॉवर आणि शेजारी नव्याने उभा राहिलेला टॉवर यांची सावली वजा करून ती उरते का ते आधी पाहा, दुपारी तीन वाजता आणि शक्य झालं तर डिसेंबरात, कारण तेव्हा सावल्या लांब पडतात.

अनुदान हवं तर पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले हवेत. त्यांची किंमत जास्त असते. सर्वसाधारण सभेचा ठराव आधी घ्या, कोटेशन नंतर. आम्ही उलट केलं आणि सभेत दीड तास एका ठेकेदाराच्या आडनावावर चर्चा झाली.

आमची इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत आहे, पुनर्विकासाचं बोलणं चालू आहे. बसवावं का?

नको. पॅनेल पंचवीस वर्षं चालतात, तुमची गच्ची नाही.

वितरण कंपन्या छतावरच्या सौरला मनापासून साथ का देत नाहीत?

कारण त्यात त्यांचं नुकसान आहे, आणि हे उघड बोललं जात नाही.

आपल्याकडे विजेचा दर एकसारखा नसतो. जास्त वापरणारा घरगुती ग्राहक, दुकानं आणि कारखाने खर्चापेक्षा जास्त दर देतात. त्यातून शेतीची आणि कमी वापरणाऱ्याची वीज स्वस्त ठेवली जाते. आता गच्चीवर पॅनेल कोण बसवतो? ज्याचं बिल मोठं आहे तो. म्हणजे वितरण कंपनीचा सगळ्यात चांगला गिऱ्हाईक निघून जातो. तोही पूर्ण जात नाही. रात्री आणि पावसाळ्यात त्याला तार हवीच असते, आणि त्या तारेचा, रोहित्राचा, लाइनमनच्या पगाराचा खर्च तसाच राहतो. दूधवाल्याला सांगायचं की रोज नको, आमची म्हैस आटली की ये, पण दारात उभा मात्र रोज राहा.

याचा परिणाम देशाच्या आकड्यांत दिसतो. २०१५ मध्ये ठरलं की २०२२ पर्यंत १०० गिगावॅट (म्हणजे एक लाख मेगावॅट) सौरऊर्जा उभी करायची, त्यातले ४० गिगावॅट छतांवर. शंभराचा एकूण टप्पा आपण जानेवारी २०२५ मध्ये गाठला, म्हणजे उशिरा का होईना. छतांच्या चाळीसच्या मात्र मुदतीत जवळपासही गेलो नाही. माळरानावरच्या प्रकल्पाला सेकीसारखा सरकारी खरेदीदार होता, लिलाव होता, जामीन होता. छताच्या बाजूने उभी राहील अशी संस्थाच नव्हती, आणि अर्ज मंजूर करायचं काम होतं ज्याचं नुकसान होणार त्याच्याकडेच.

२०२४ मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली त्यामागे हेच कारण आहे. आता दहा किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक पाहणीशिवाय मंजूर झाला असं धरायचं. त्याहून मोठ्या अर्जाची पाहणी पंधरा दिवसांत. कागदावर छान आहे. आमचे पॅनेल तीन दिवसांत चढले आणि मीटर येईपर्यंत पावसाळा उलटला. मधले महिने आम्ही रोज गच्चीवर जाऊन ते पुसत होतो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

तक्रार कुठे करायची?

आधी वितरण कंपनीच्या तक्रार कक्षात. तिथे नाही सुटली तर ग्राहक तक्रार निवारण मंच. त्याचा निर्णय पटला नाही तर विद्युत लोकपाल, मुंबईचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात. वकील लागत नाही. अर्जाच्या तारखांची पोच जपून ठेवा, बाकी भाषण कमी करा.

शेतकऱ्याच्या सौरपंपाचा मुंबईकराशी काय संबंध?

वरच्या प्रश्नाचं उत्तर वाचलंत तर निम्मा संबंध कळला असेल. राज्यात चाळीस लाखांहून जास्त कृषिपंप आहेत. त्यांची वीज स्वस्त द्यायची म्हणून बाकीच्यांचा दर चढतो. त्यात ती वीज बरेचदा रात्री मिळते, कारण दिवसा इतर मागणी असते. थंडीत रात्री दोनला पाणी धरायला जाणं, बॅटरीच्या उजेडात साप आणि बिबट्या चुकवणं, हे नाशिक-नगरकडच्या ज्याच्या घरात शेती आहे त्याला सांगायला नको.

शेतीला दिवसा वीज द्यायची असेल तर सौरऊर्जेइतकं सोयीचं काही नाही. पंप दिवसा चालवता येतो, विहिरीतलं पाणी सकाळी की दुपारी यावर काही अडत नाही आणि साठवणीची बॅटरी लागत नाही. राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, सुरुवातीच्या जागांत राळेगणसिद्धी होतं. गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी काही मेगावॅटचा प्रकल्प उभा करायचा आणि शेतीचा संपूर्ण फीडरच, म्हणजे उपकेंद्रातून पंपांकडे जाणारी वाहिनीच, त्यावर चालवायची, अशी कल्पना. २०२३ मध्ये ती दुसऱ्या रूपात आली आणि उद्दिष्ट १६,००० मेगावॅटपर्यंत नेलं. जमीन देणाऱ्या शेतकऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ.

दुसरी वाट स्वतंत्र सौरपंपाची. केंद्राच्या कुसुम योजनेतून आणि राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’मधून शेतकरी दहा टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर पाच. हा पंप ज्या गावात वायरच पोहोचली नाही तिथे वरदान आहे. पण वायर असलेल्या गावात मला फीडरचा मार्ग जास्त पटतो. स्वतंत्र पंपाचे पॅनेल पाणी द्यायचं नसतं त्या महिन्यांत नुसते तापत बसतात, फीडरवरची वीज तेव्हा दुसऱ्या कोणाच्या तरी कामी येते.

गावात कुरबुरी आहेत. गायरानावर प्रकल्प आला की गुरं चरायची कुठे, हा प्रश्न खोटा नाही. या बाबतीत कर्नाटकातल्या पावगडाचं उदाहरण बघण्यासारखं आहे : २,०५० मेगावॅटचा पार्क, साधारण १३,००० एकर, आणि जमीन संपादन न करता शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतलेली. मालकी शेतकऱ्याकडेच राहिली. ज्यांची स्वतःची जमीन नव्हती त्या शेतमजुरांना मात्र भाडं मिळालं नाही आणि रोजगारही गेला.

मुलुंड-भांडुपवाल्यांनी तर हे लक्ष देऊन वाचावं. तुमचा आणि राळेगणसिद्धीच्या शेतकऱ्याचा वितरक एकच आहे.

राजस्थानातलं ऊन थेट मुंबईत आणता येत नाही का?

येतं, आणि येतही आहे. पण मुंबईत वीज आणायच्या वाटा लोकलच्या दारासारख्या आहेत, आत जागा असून दारात गर्दी. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळव्याच्या बाजूच्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, ते आठवत असेल. त्यानंतर अडलेल्या कामांना वेग आला. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. कुडूसहून आरेपर्यंतची १,००० मेगावॅटची थेट-प्रवाह वाहिनी हा पुढचा मोठा दरवाजा.

देशभर अशा वाहिन्या बांधायचं मोठं काम पॉवरग्रिड या सरकारी कंपनीने केलं. हे काम नजरेत भरत नाही. उद्‌घाटनाला पॅनेलचा फोटो छान येतो, मनोऱ्यांचा येत नाही. आणि क्षणाक्षणाला कुठून किती वीज घ्यायची हे सांगणारं पश्चिम विभागाचं भारप्रेषण केंद्र अंधेरीत, मरोळच्या एमआयडीसीत आहे. राज्याचं ऐरोलीत. ढगांची एक रांग गुजरातवरून सरकली की तिथल्या पडद्यावर आधी दिसते.

आणि रात्रीचं काय?

इथे गर्वाने सांगायचे आकडे जरा जपून वाचावेत. जून २०२५ मध्ये देशातल्या एकूण स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-गॅस सोडून इतर स्रोतांचा झाला. पण क्षमता म्हणजे टाकीचा आकार, पाणी नव्हे. सौर पॅनेल दिवसाचे काही तासच काम करतात, म्हणून वर्षभरात वापरलेल्या विजेत कोळसाच अजून कितीतरी पुढे आहे.

दिवसाची वीज रात्रीसाठी ठेवायची जुनी युक्ती सह्याद्रीतच आहे. शहापूरच्या वर घाटघरला राज्याचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे : वीज स्वस्त असते तेव्हा पाणी खालच्या धरणातून वर चढवायचं, महाग असते तेव्हा खाली सोडायचं. सह्याद्रीच्या कड्याचा उतार त्याला फुकट मिळाला आहे. मुंबईला पहिली मोठी वीज मिळाली तीही १९१५ साली, खोपोलीला घाटावरून पाणी पाडून. आता बॅटरीचेही सरकारी लिलाव होऊ लागले आहेत आणि तिथेही बोली उतरते आहे.

वीज गेली तर गच्चीवरचं सोलर चालू राहील ना?

नाही. बॅटरी नसेल तर ते बंद होतं, मुद्दाम. तारेवर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या पॅनेलचा शॉक बसू नये म्हणून. हे आधी न सांगणारा विक्रेता टाळा.

कर्ज मिळतं का?

मिळतं. घरगुती अपारंपरिक ऊर्जेसाठी प्रत्येकी दहा लाखांपर्यंतचं कर्ज रिझर्व्ह बँकेने अग्रक्रम क्षेत्रात धरलं आहे. याचा अर्थ बँकेला ते द्यायलाच हवं असा नाही. दिलं तर तिचं उद्दिष्ट भरतं, त्यामुळे शाखाधिकारी निदान खुर्ची देतो. स्टेट बँकेला २०१६ मध्ये जागतिक बँकेकडून छतावरच्या सौरसाठी ६२.५ कोटी डॉलर मिळाले होते. केंद्र सरकारने स्वतः जानेवारी २०२३ मध्ये पहिले हरित रोखे काढले, ८,००० कोटींचे, आणि त्यांचा लिलाव रिझर्व्ह बँकेने केला.

पॅनेल टिकतात का, हे कोणी तपासतं का?

पवईत, आयआयटी मुंबईत, २०१० पासून केंद्राच्या पैशावर चालणारं राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन आणि शिक्षण केंद्र आहे. त्यांची माणसं देशभर फिरून प्रत्यक्ष बसवलेल्या पॅनेलची तपासणी करतात. त्यातून दिसलेली एक गोष्ट खरेदीआधी माहीत हवी : उष्ण भागात आणि छतावरच्या लहान प्रकल्पांत पॅनेल जास्त वेगाने क्षीण होतात. छत तापतं, खाली हवा खेळत नाही, आणि बसवताना घाई केलेली असते. म्हणून पॅनेल स्लॅबला चिकटवून घेऊ नका.

चिनी पॅनेल स्वस्त असताना सरकार आडवं का येतं?

एप्रिल २०२२ पासून आयात पॅनेलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के शुल्क लागलं, जोडीला मान्यताप्राप्त उत्पादकांची यादी आणि देशी कारखान्यांसाठी २४,००० कोटींचं प्रोत्साहन. हेतू समजतो, तेलाच्या बाबतीत जे परावलंबन झालं ते पुन्हा नको. पण काही वर्षं त्याची किंमत ग्राहकाने मोजली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा.

पंचवीस वर्षांनी या काचांचं करायचं काय?

२०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेल आले आहेत. उत्पादकाने ते परत घेऊन साठवायचे. पुढचं शास्त्र अजून घडायचं आहे. तोपर्यंत खरेदीची पावती सोसायटीच्या दप्तरात ठेवा, भंगारवाल्याला देऊ नका.

गच्चीवर पापड वाळवायला आणि कोजागरीला जागा राहील का?

सभेत सर्वांत जास्त वेळ याच प्रश्नावर गेला, आणि तो विचारणाऱ्या काकू बरोबर होत्या. सांगाडा सात-साडेसात फूट उंच घेतला तर खाली वावरता येतं, हवाही खेळते. लोखंडाचा खर्च वाढतो आणि वाऱ्याचा जोर जास्त लागतो, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या आणि वॉटरप्रूफिंग आधी उरकून घ्या. आम्ही पूर्वेचा कोपरा मोकळा ठेवला. चंद्र तिकडूनच येतो.